सुभेदार धुमाळांचा रिपोर्ट

“मग मी कमी कुठे पडतोय, पंडितजी? तेवढं सांगा.”

रिटायर झालेल्या कर्नल इंगवल्यांनी हे विचारलं ते देवळाच्या ओसरीवर, खुर्चीत ताठ बसून आणि जरा चढ्या आवाजात. सल्ला मागतानाही साहेबांचा हुकमी सूर काही सुटत नव्हता.

पंडितजी समोर उभे होते, तसेच उभे राहिले.

हे पंडितजी एकेकाळी इंगवल्यांच्याच पलटणीचे धर्मगुरू. फौजेत धर्मगुरूलाही हुद्दा असतो आणि तो साहेबांच्या हुद्द्यापेक्षा पुष्कळच खालचा असतो. देवळात साहेबांनी पंडितजींपुढे हात जोडायचे आणि देवळाच्या पायऱ्या उतरल्या की पंडितजींनी साहेबांपुढे टाचा जुळवायच्या, अशी तिथली रीत. पेन्शनीत निघाल्यावर ते उरमोडी नदीकाठच्या या दत्ताच्या देवळात येऊन राहिले. माणूस कमी बोलणारा आणि कुणाकडे काही न मागणारा, त्यामुळे लोकांची श्रद्धा बसायला वेळ लागला नाही. आता सत्तरी उलटलेल्या पंडितजींच्या पायाशी आसपासची मोठमोठी माणसं येऊन बसत.

इंगवले पायाशी बसले नव्हते. ते गाडीतून उतरले, तेव्हा पंडितजींनी जुन्या सवयीने सलाम केला. “जय हिंद, साहेब.” मग आतून स्वतःच खुर्ची उचलून आणली. इंगवल्यांनी सलाम घेतला, खुर्चीही घेतली आणि बोलायला सुरुवात केली.

“हजार माणसं सांभाळली मी. बर्फात, वाळवंटात, पुरात. आणि हे कंपन्यांवाले मला काय देऊ करतात? सिक्युरिटी! फाटकावरच्या वॉचमन लोकांवर देखरेख!”

“हूं...”

“मला वरची जागा हवीय, पंडितजी. माझ्या योग्यतेची. मोठी संस्था चालवायची. त्यात चूक काय आहे?”

“चूक काही नाही, साहेब.”

“तेच म्हणतो मी.”

 पुढचं बोलावं की नाही, ते इंगवल्यांना ठरवता येईना. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

“सकाळी इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडतो. सोसायटीतले विचारतात, ‘आज कुठे, कर्नलसाहेब?’ मी म्हणतो, मीटिंग आहे. मग तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसतो... जेवायच्या वेळेला परत. बायकोला ठाऊक आहे सगळं. ती बिचारी विचारत नाही. तिने विचारलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.”

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यांना पंडितजींकडे बघवेना. ते नदीकडे बघत राहिले.

पंडितजींनी पायाचा भार बदलला.

“भाऊसाहेब पिसाळ येतात ना तुमच्याकडे?” इंगवल्यांनी नदीकडे बघतच विचारलं.

“दर गुरुवारी येतात.”

“त्यांच्या रुग्णालयाला मुख्य अधिकारी नेमायचाय. माझी मुलाखत झालीय. ते अध्यक्ष आहेत, शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणजे... उद्या गुरुवार आहे. तुम्ही एक शब्द टाकलात तर...”

वाक्य तिथेच अडकलं. इंगवल्यांची कानशिलं तापली. वशिला घेऊन आलेल्या किती जणांना त्यांनी आपल्या ऑफिसातून बाहेर काढलं होतं! एका आमदाराच्या भाच्याला तर असा झापला होता की मेसमध्ये महिनाभर ती गोष्ट चघळली जात होती. आणि आज ते स्वतः, पेढ्यांचा पुडा गाडीत ठेवून, एका देवळाच्या ओसरीवर वशिला मागत होते. पुडा बाहेर काढायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती.

पंडितजींनी खांबाला हात टेकला.

“मुलाखत कशी झाली, साहेब?”

“उत्तम! म्हणजे... मला तरी तसं वाटलं.”

“काय विचारलं?”

“विचारलं, तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला किती मानायची, त्याचा एखादा प्रसंग सांगा.” इंगवल्यांच्या आवाजात पुन्हा धार आली. “मी सुभेदार धुमाळची गोष्ट सांगितली. तुम्ही होतात की तेव्हा पलटणीत.”

“होतो.”

“मी मेजर होतो. आनंदा धुमाळ गस्त घेऊन वर गेला होता. वादळात अडकला. आम्ही आशा सोडली होती. आणि दुसऱ्या दिवशी सगळी माणसं जिवंत घेऊन गडी परत! बुटात बर्फ गेलेला, पायाची बोटं काळी पडलेली. पण डॉक्टरकडे नाही गेला तो. आधी माझ्या तंबूत आला. टाचा जुळवल्या, सलाम केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खडा रिपोर्ट दिला. कुठे थांबले, कुठे वळले, शत्रूची चौकी कुठे दिसली... एक शब्द अडखळला नाही. मी शाबासकी दिली. तो बाहेर गेला आणि मगच कोसळला. याला म्हणतात शिस्त!”

“मग?”

“मग काय! मला वाटलं, टाळ्या पडतील. मुलाखत घेणाऱ्यांत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘किती वेळ उभे होते ते?’ मी म्हटलं, रिपोर्ट पुरा होईपर्यंत. त्या म्हणाल्या, ‘बोटं वाचली का?’ मी म्हटलं, नाही, कापावी लागली. झालं! सगळे एकदम गार. नंतर कुणी धड काही विचारलंच नाही. आता या लोकांना शिस्त कशाशी खातात हे ठाऊक नाही, त्याला मी काय करू? तुम्हीच सांगा.”



उत्तर येईना, तेव्हा इंगवल्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

पंडितजींनी दोन्ही हातांनी खांब धरला होता. कपाळावर घाम होता. धोतराखाली उजवा पाय लटलट कापत होता आणि गुडघा चांगलाच सुजलेला दिसत होता.

“अहो पंडितजी! बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“गुडघे आहेत, साहेब. फार वेळ उभं राहवत नाही.”

“मग बसायचं ना! असे उभे कशाला राहिलात?”

पंडितजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता की टोमणा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, तेवढ्या साधेपणाने ते म्हणाले,

“साहेब अजून बसा म्हणाले नाहीत.”

...

इंगवले उठले. धडपडतच उठले. खुर्ची मागे कलंडली, ती त्यांनी सरळ केली. पंडितजींना काखेत धरून त्यांनी खुर्चीत बसवलं. बसताना म्हाताऱ्याच्या तोंडून बारीकसा कण्हण्याचा आवाज आला. आपण काही ऐकलं नाही असं दाखवावं, असं इंगवल्यांच्या मनात आलं. पण ते ऐकलं होतं त्यांनी.

मग ते समोरच्या फरशीवर बसले. गुडघ्यात मान घालून.  अशी लाज त्यांना ना कुठल्या मुलाखतीत वाटली होती, ना तळ्याकाठच्या त्या बाकावर. आजवर जी वाटली, ती लोक आपल्याला काय म्हणतील याची होती. या लाजेला लोक लागत नव्हते.

 नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

“पंडितजी...”

“बोला.”

“त्या दिवशी तंबूत दुसरं स्टूल होतं.”

इंगवल्यांनी हाताने शेजारची फरशी दाखवली.

“माझ्या शेजारीच होतं. रिकामं... म्हणजे, त्यावर माझी टोपी ठेवलेली होती.”  “हातात चहाचा मग होता माझ्या. मी चहा पीत रिपोर्ट ऐकला. त्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं नाही मी. लपवलं नाही हो. मला आठवतच नव्हतं. आत्ता आठवलं.”

पंडितजींनी नुसती मान हलवली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी होतो, साहेब.”

“काय म्हणाले होते धुमाळसाहेब? माझ्याबद्दल?”

“म्हणाले, साहेबांनी शाबासकी दिली.”

हे मात्र इंगवल्यांना सोसलं नाही. त्यांनी तोंडावर हात घेतला. पंडितजींनी त्यांना गप्प केलं नाही आणि धीरही दिला नाही. गुडघा चोळत बसून राहिले.

काही वेळाने इंगवल्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

“उद्या भाऊसाहेबांजवळ माझं नाव काढू नका.”

“बरं.”

“ती जागा मला मिळायला नको... निदान अशी तरी नको.”

“बरं.”

“धुमाळसाहेब असतात कुठे हल्ली?”

“त्या समोरच्या डोंगराच्या पायथ्याला वस्ती आहे ना, तिथलं पहिलंच घर. काठी घेऊन चालतात. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर असतात.”

इंगवल्यांनी डोंगराकडे पाहिलं. गाडीने फार तर अर्ध्या तासाची वाट. इतकी वर्षं ती वाट तिथेच होती. ते उठले, गाडीपर्यंत गेले, दार उघडलं... आणि तसेच माघारी आले. या खेपेला खाली वाकले, पंडितजींच्या सुजलेल्या गुडघ्यांना धक्का लागू नये अशा बेताने त्यांनी पायांवर डोकं ठेवलं.

“पंडितजी, मी गेलो तर ते मला बघून पुन्हा उभे राहतील.”

“राहतील.”

“त्या पायांवर...”

“हो.”

“मी बसा म्हणेपर्यंत उठलेले असतील ते. मग मी काय करू?”

पंडितजींनी डोळे मिटले. म्हणाले,

“हाक मारायच्या आधी अंगणात खाली बसा.”