वावटळीच्या पोटात

“वावटळीच्या पोटात वारा नसतो म्हणतात. खरं का, बोवा?”

सोमगीरबोवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आत जाऊन बघ की.”

विश्वंभर हेच ऐकायला आला होता. मठातल्या सगळ्या चेल्यांत आपलं मन लवकर स्थिर होतं, हे तो न विचारता कुणालाही ऐकवायचा. आठवडाभर तो भर उन्हात वावटळींमागं पळत होता आणि त्याच्यामागं त्याचे म्हातारे वडील, आप्पा. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला होता, तरी पोराला एकटं सोडायला ते तयार नव्हते.

एवढ्यात माळावर धुळीचा खांब उठला. चांगलाच दांडगा होता, आणि जुन्या दगडखाणीच्या बाजूनं चालला होता.

बोवांनी डोक्याचा फेटा सोडला. धुळीत माणूस चुकू नये म्हणून तिथले मेंढके असंच करतात. एक टोक विश्वंभरच्या हातात दिलं, दुसरं शेजारी उभ्या आप्पांच्या.

“सोडायचं नाही.”

दोघं धावले. खडे अंगावर ताडताड बसू लागले.

“हळू रे, विशू…”

विशू कसला थांबतोय! त्यानं फेटा ओढतच आत मुसंडी मारली. आणि एकाएकी वारा पडला. डोक्यावर निळं आभाळ, कानाला कसलाही आवाज नाही. त्याचा ऊर भरून आला. त्यानं दोन्ही हात जोडले.

वावटळ पुढं सरकली, पुन्हा धूळ अंगावर आली. ती विरली तेव्हा त्याच्या हातात फेटा नव्हता.

“आप्पा!”

“आप्पाऽ!”

तो खाणीकडं पळत सुटला. जन्मात इतका भ्याला नव्हता.

खाणीच्या अगदी काठावर आप्पा पालथे पडले होते. डोळे धुळीनं गच्च मिटलेले. त्यांनी दोन्ही मुठींनी धरलेल्या फेट्याचं दुसरं टोक खाली खाणीत लोंबत होतं आणि कुठल्याशा बाभळीत अडकलं होतं. आप्पा फेटा जीव खाऊन वर ओढत होते. दर हिसक्याला ते बोटभर पुढं घसरत होते.

विश्वंभरनं त्यांना कमरेला धरून मागं खेचलं.

“आप्पा, सोडा! सोडा तो फेटा!”

“सोडू कसा?” आप्पा धापा टाकत म्हणाले. “खाली माझा विशू लटकलाय…”

…

मठात आणल्यावर बोवांनी आप्पांचे डोळे धुतले. विश्वंभर कोपऱ्यात उभा होता. त्याला हुंदका आवरेना.

“बोवा, आत खरंच वारा नव्हता…” एवढंच तो बोलू शकला, आणि हात जोडून बोवांपुढं वाकला.

बोवांनी त्याचे जोडलेले हात सोडवले. त्यातला उजवा घेऊन आप्पांच्या सोललेल्या तळव्यात ठेवला.

“नमस्कार राहिलेल्या हातानं कर.”