आत न येणारी उशी

आता उशा सगळं मुकाट ऐकून घेतात, पण एके काळी त्या तोंडावर बोलायच्या. तेव्हाची गोष्ट. जावई यायचे होते म्हणून सगुणाकाकूंनी सावरीच्या कापसाची उशी न उसवताच, अख्खीच्या अख्खी बादलीत बुचकळली आणि अंगणातल्या बाजेवर वाळत टाकली.

दुपारी त्यांनी वरून हात फिरवला. "झाली की खडखडीत! चल आत."

"वरून झाले," उशी म्हणाली. "पोटात अजून पाणी आहे. आत नेलंत तर कुजेन मी."

दोरीवरचा तिचा अभ्रा खुदकन हसला. "नखरे बघा! मी केव्हाच वाळलो."

"तुला पोटच नाही बाबा, तू वाळणारच."

"जावयांसमोर शोभा नको," म्हणत काकूंनी तिचं टोक धरून ओढलं. उशीने बाजेचा सुंभ गच्च धरला.

"ओढा! फाटेन, पण ओली यायची नाही."

काकूंनी हिसका दिला, तशी उशीने अंग फुगवून आपलीच शिवण टराटरा उसवली. ओल्या कापसाचे गोळे बाजभर पसरले.

"घ्या, न्या आता आत!"

त्या रात्री जावयांनी घोंगडीची घडी उशाला घेतली. उशी पुढचे दोन दिवस विरळ लुगड्याखाली ऐसपैस ऊन खात पडली होती, आणि काकू काठी घेऊन कापूस पळवायला येणारे कावळे हाकत होत्या.