बयजाचं विचारणं

देवळात शिरताना डाव्या हाताला ती पालथी कढई दिसते ना, तिच्यावर बसू नका. दर जत्रेला कोणीतरी पाहुणा दमून तिच्यावर टेकतो आणि मग गावातल्या बाया त्याच्या अंगावर ओरडतात. तिला हळदकुंकू नाही, फूल नाही, कारण ती देव नव्हे. पण ती उलटून सरळही करायची नाही. लोखंड इतकं जुनं झालंय, की काठाला बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. ती तशी का, हे सांगायचं काम आमच्या गुरवाच्या घराकडे आहे. सांगतो, पण उभ्याउभ्या नको. सावलीत या आधी.

असं सांगतात, की उंबरवणीच्या वरच्या टेकावर पूर्वी एक मठ होता आणि त्यात सहजबुवा नावाचे सत्पुरुष राहत. सत्पुरुष म्हणतो ते उगीच नाही. दुष्काळात मठातलं धान्य गावाला वाटून हा माणूस स्वतः ताकावर राहिला होता. पण त्यांना बोलण्याचा नाद. एकदा ऐकलं की पाठ व्हावं असं त्यांचं बोलणं. दया, खरेपणा, श्रद्धा, माणसाचा स्वभाव, ज्याच्यावर म्हणाल त्याच्यावर त्यांचं एखादं वचन असायचंच. तुम्हाला सकाळी उठल्याउठल्या मोबाईलवर फुलांच्या चित्रासकट सुविचार येतात आणि तुम्ही हात जोडून मोकळे होता, तसलं ते नव्हतं. लोक ती वचनं खरी धरून चालत. बाया जात्यावर म्हणत, भावकीच्या भांडणात एकमेकांना सुनावत, पोरांना जेवू घालताना शिकवत. त्यातलं एक सगळ्या गावाचं लाडकं होतं. खऱ्या माणसाला अग्नी ओळखतो आणि त्याच्या वाटेला जात नाही, अशा अर्थाचं. नेमके शब्द मला ठाऊक नाहीत. आमच्या आजोबांनाही कोणी सांगितले नव्हते.

आमच्याच घरात तेव्हा बयजा नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. दीर आणि जाऊ यांच्याबरोबर राहायची. पूजा दीर करायचा. देवळाची झाडलोट, देवीची भांडी घासणं आणि दिवेलागणीनंतर दार ओढून घेणं हे बयजाकडे. आमची निनाई म्हणजे शेंदराचा तांदळा, घडवलेली मूर्ती नव्हे, शेंदूर चढवलेली शिळा, तुम्ही बघितलीच आत. तिला चांदीचे डोळे लावतात, ते मेणानं चिकटवून. तर जत्रा तोंडावर आलेली असताना एका सकाळी दीर पूजेला गेला आणि ओरडतच बाहेर आला. देवीला डोळे नव्हते.

गावात तिला कोणी चोर म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, तिला तोंड उघडून भांडता तरी आलं असतं. लोक नुसते गप्प झाले. ती पाणवठ्यावर आली की बाया अर्धी घागर घेऊन निघून जायच्या. ती बाहेर गेली की जाऊ तिची वळकटी उलगडून बघायची. शेवटचं दार बयजानं ओढलं होतं, एवढंच काय ते त्यांच्याजवळ होतं. माणसाचं मन एकदा फिरलं की त्याला तेवढं पुरतं.

मग एके दिवशी बयजाच चावडीपुढे जाऊन उभी राहिली. त्या काळी रवा काढायची रीत होती. कढईत तेल कडकडीत तापवायचं, त्यात धातूचा एक तुकडा टाकायचा आणि आरोप असलेल्यानं तो उघड्या हातानं बाहेर काढायचा. हात भाजला नाही तर माणूस खरा. बयजा पाटलाला म्हणाली, "बुवांचं बोलणं हाय ना? मग तेल तापवा. म्या रवा काढते."

पाटील भला माणूस होता. त्याच्या मनाला ते पटेना. बुवा तीर्थयात्रेला गेले होते, ते येईस्तोवर थांबू, म्हणाला. पण बयजा थांबायला तयार नव्हती. तिला भीती वाटत नव्हती हो. मला या सगळ्यात तेच सहन होत नाही. सणाला निघाल्यासारखी ती धुवट लुगडं नेसून आली होती, म्हणे. जावेला म्हणाली, "संध्याकाळच्या भाकरी म्याच थापते, तू पीठ नको घिऊ."

इथंच, या अंगणात, चूल पेटली. तिचा उजवा हात धुतला, नखं काढली, देवीपुढं तिनं सांगितलं की डोळे मी नेले नाहीत. मग हात घातला आणि रवा काढून पाटलापुढं ठेवला. ओरडली नाही. लोकांनी जयजयकार केला. रिवाजाप्रमाणे हातावर कापडी पिशवी चढवून तोंडाशी बांधली, ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सोडायची असते. सोडली तेव्हा कातडी पिशवीबरोबर आली.

बयजानं आपला हात बघितला आणि तिनंच सांगितलं, "म्हंजी म्याच नेलं असंल."

बघा, गाव तिच्यावर उलटलं हे मला समजतं. गावं उलटतातच. पण ही बाई स्वतःवर उलटली. डोळे कुठं ठेवलेस असं पाटलानं विचारलं, तर तिला सांगता येईना. ती घरी गेली आणि डाव्या हातानं चुलीमागची जमीन उकरायला लागली. तिथं मिळेना तेव्हा गोठा उकरला. धान्याची कणगी पालथी केली, भिंतीचे कोनाडे चाचपले. आपणच ठेवलेली वस्तू विसरल्यावर माणूस जशी शोधतो तशी ती शोधत होती. जाऊ दारात उभी राहून रडत होती, पण तिनं तिला थांबवलं नाही. शेवटी गावानं बयजाला शिवेबाहेर काढलं. ओढ्याच्या पलीकडे कुडाचं खोपट घालून ती राहायला लागली. जाऊ ओढ्याकाठच्या दगडावर भाकरी ठेवून यायची, एवढाच संबंध.

पावसाळा सरला आणि गाभाऱ्यातली फरशी एका बाजूनं खचली. ती उकरली तर खाली घुशीचं बीळ निघालं आणि त्या बिळात निनाईचे दोन्ही डोळे. मेण साफ खाल्लेलं, चांदीवर दातांच्या खुणा. घुशीला मेण हवं होतं, चांदी घेऊन ती काय करणार?

पाटील तसाच अनवाणी ओढा ओलांडून गेला. मागं सगळं गाव. डोळे तिच्यापुढं धरले, पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. बयजानं डोळे हातात घेऊन निरखले आणि विचारलं, "मग माझा हात का भाजला?"

तेल होतं म्हणून भाजला, हे पाटलाला सुचलं नाही, कारण वचन त्याचंही पाठ होतं. बयजा म्हणाली, "पाटील, तुमी भलेपणानं सांगताय. पर बुवा खोटं कसं बोलतील? म्याच ठिवलं असंल घुशीच्या बिळात." आणि ती गावात यायला तयार होईना. कोणी तिची मनधरणी केली, कोणी रागावलं, दीर पाया पडला. तिचं एकच. बुवा खरे की मी खरी, असं तिच्यापुढं पडलं होतं आणि बुवांना खोटं ठरवायची तिची छाती नव्हती.

मग बुवा यात्रेहून आले. शिवेवरच त्यांना सगळं कळलं. ते मठात गेले नाहीत. झोळी खांद्यावर तशीच घेऊन खोपटात आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "पोरी, माझं बोलणं चुकलं. कीर्तनात बोलताबोलता जिभेवर आलं, लोकांनी माना डोलावल्या, मलाही गोड वाटलं. मी कधी हात घालून बघितलं नव्हतं."

"दया येतीया म्हून बोलताय," बयजा म्हणाली.

बुवांनी तिला नाना परीनं समजावलं. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर गाव चाललं, त्याचा शब्द त्या दिवशी एका बाईला पटेना. शेवटी ते उठले, तिला हाताला धरून देवळापुढं आणलं आणि तीच कढई चुलीवर चढवायला सांगितली. पाटील आडवा आला. बुवांनी त्याला बाजूला केलं.

तेल उकळायला लागलं. बुवांनी बाही वर सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले. "माझ्या आईनं माझं नाव केरबा ठेवलं होतं. हे निनाईचं देऊळ आहे. ही माझ्यापुढं उभी आहे ती बयजा. आणि कढईत आहे ते तेल. यात काही खोटं असेल तर आत्ता सांगा."

कोण काय सांगणार? बुवांनी हात घातला.

साधुसंतांच्या गोष्टींत अशा वेळी फुलं पडतात. इथं तसं काही झालं नाही. बुवा गुरासारखे ओरडले, असं सांगतात, आणि कोलमडताना त्यांच्या धक्क्यानं कढई चुलीवरून उपडी झाली. तेल सगळं मातीत गेलं. ती तिथंच पडून राहिली, पुढं चूल काढली तरी कोणी तिला हलवलं नाही.

बयजा धावली. आपल्या आखडलेल्या हातानं तिनं बुवांचं मनगट धरलं आणि घागरीतल्या पाण्यात बुडवलं. म्हणाली, "पैली रात लई वाईट जाती बुवा. मग कमी व्हतं." थोड्या वेळानं, पाण्याकडे बघतच, तिनं विचारलं, "म्हंजी म्या न्हाई नेलं?"

"नाही गं. तू नाही नेलंस," बुवा म्हणाले.

बरे झाल्यावर बुवांनी गावाला सांगितलं, की माझी वचनं यापुढं कोणी बोलू नका, पोरांना शिकवू नका. ज्यांची पाठ होती त्यांना ती विसरणं कसलं जमतंय, पण पुढच्या पिढीला कोणी दिली नाहीत. बुवा त्यानंतर फारसं बोललेच नाहीत, म्हणे. मठ पुढं ओस पडला, आता तिथं घाणेरीचं रान आहे. मला विचाराल तर त्यांतली काही वचनं खरंच चांगली असतील. पण कोणी छान वाक्य बोललं की मी गुरव असूनही आधी मनात म्हणतो, यात हात कोणाचा जाणार आहे?

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला प्रसाद देऊन मोकळा झालो असतो. ती संपली नाही. बयजा घरी आली, पुन्हा देवळाचं बघायला लागली, हसायची, बोलायची. पण मनात एकदा शिरलेलं जाईना. मध्येच, भांडी घासताघासता, ती समोर असेल त्याला विचारायची, "म्या न्हाई ना नेलं?" आणि समोरच्यानं सांगायचं, "न्हाई बयजाबाई, तुमी न्हाई नेलं." मग तिचं तोंड जरा सैल व्हायचं आणि ती कामाला लागायची. पाटलानं गावाला ताकीदच दिली होती, की ती विचारील तिथं थांबायचं आणि उत्तर देऊनच पुढं जायचं. सुरुवातीला लोक डोळ्यांत पाणी आणून सांगत. पुढं नुसतं सांगत. पुढंपुढं कंटाळून, चालताचालता, मागं न बघता सांगत. चांगली माणसं होती ती. पण पश्चात्तापाचाही कंटाळा येतो माणसाला, त्याला काय करायचं?

म्हातारी होऊन ती अंथरुणाला खिळली. जत्रेचा दिवस होता, घर पाहुण्यांनी भरलेलं, जाऊ पुरणाच्या पातेल्यापाशी. आतून बयजाचा आवाज आला, "म्या न्हाई ना नेलं?" जावेचे हात पुरणात. तिनं हाक दिली, "आले, आले, थांब जरा." पातेलं उतरवून, हात धुऊन ती आत गेली तेव्हा बयजाचे डोळे उघडेच होते आणि श्वास थांबला होता. इतक्या वर्षांत उत्तर मिळालं नाही असं पहिल्यांदाच झालं.

जाऊ त्यानंतर जगली तोवर दर जत्रेला ताटं वाढायच्या आधी या पायरीवर येऊन बसायची, बयजाच्या वतीनं तेच विचारायची आणि गावाकडून उत्तर घ्यायची. तिच्यामागं तिच्या सुनेनं विचारलं, मग त्या सुनेच्या सुनेनं. आजही आमच्या घरातली मोठी सून विचारते आणि सगळं गाव एका आवाजात सांगतं. त्याआधी उंबरवणीत कोणी घास तोंडात घालत नाही, दुधावरचं पोर सोडलं तर. पुण्यामुंबईला गेलेली माणसं त्या वेळी फोन लावून ठेवतात आणि तिकडून ओरडून सांगतात. ते बयजाला पोचतं का? मला माहीत नाही. पोचतं म्हणून सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी तसं सांगणार नाही.

ती बघा, माझी सून आली पायरीवर. टोप्या काढायची गरज नाही, हातही जोडू नका. फक्त तिनं विचारलं की लगेच सांगा, आणि मोठ्यानं सांगा.