गुलाबी चप्पल आणि ओहोटीचा मुहूर्त

एका खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या बनात, एक कोल्हा राहत असे. बनासमोर वाळूचा लांब किनारा होता आणि किनाऱ्याच्या एका टोकाला गावातून येणारा ओढा समुद्राला मिळत होता. कोल्हा हा त्या किनाऱ्याचा प्रमुख होता. त्याला प्रमुख कुणी केले हे कुणालाच आठवत नव्हते. पण सभेत तो नेहमी उंच दगडावर बसत असे, आणि उंच दगडावर बसणाऱ्याला असला प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

त्याच किनाऱ्यावर वाळूत बीळ करून एक खेकडा राहत होता. भरती आली की त्याचे बीळ बुजे आणि ओहोटी लागली की ते त्याला पुन्हा खणावे लागे. असे दिवसातून दोनदा. त्यामुळे समुद्र काय नेतो आणि काय परत आणतो हे त्याला नेमके ठाऊक होते. सभांना जायला मात्र त्याला वेळ मिळत नसे.

माघ महिन्यात एकदा पहाटे एक कासवीण समुद्रातून वर आली. तिने कोरड्या वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वाळू थोपटून सपाट केली आणि मग ती दमून बसली. थोड्या खालच्या बिळातून खेकडा बाहेर आला.

"मावशी, यंदा उशीर केलात," तो म्हणाला.

"वाटच सापडेना रे," कासवीण म्हणाली. "हा बांध कुणी घातला इथे?"

बांध कुणी घातला नव्हता, तो साचला होता. भरतीचे पाणी जिथवर येते तिथे किनाराभर फाटकी जाळी, पिशव्या, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे आणि नायलॉनच्या दोऱ्या यांची रांग लागली होती.

"मान अडकली होती माझी त्या जाळ्यात," कासवीण म्हणाली. "जुनी मान, म्हणून सुटली. पिल्लांच्या माना कशा सुटायच्या? गेल्या वर्षी मी शंभरावर अंडी घातली होती. त्यातली किती पिल्लं पाण्यापर्यंत पोचली?"

खेकड्याने वाळूकडे पाहिले. "सात, मावशी. बाकीची जाळ्यातच राहिली. मग ऊन वर आलं. आणि कावळाही आला."

कासविणीने थोपटलेल्या वाळूवरून पुढचा पाय पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाली, "पन्नास दिवसांनी ही फुटतील. मी इथे नसेन, आमच्यात थांबायची पद्धत नाही. तेवढी वाट मोकळी ठेवशील?"

"ठेवतो," खेकडा म्हणाला.

कासवीण पाण्यात गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. तिचा खेकड्यावर विश्वास होता म्हणून, की मान वळत नव्हती म्हणून, हे सांगता येणार नाही.

खेकडा सकाळी कोल्ह्याकडे गेला. एकट्याने होणारे हे काम नाही, असे त्याला वाटले होते. कोल्ह्याने त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले नाही, पण सभा मात्र लगेच बोलावली. सभेत तो किनाऱ्याच्या वैभवावर बोलला, मग आपल्या आजोबांवर बोलला. बगळे एका पायावर उभे राहून ऐकत होते. भाषण लांबले तर लागेल म्हणून दुसरा पाय त्यांनी राखून ठेवला होता. शेवटी 'किनारा स्वच्छता सप्ताह' जाहीर झाला.

सप्ताहाचे काम असे होते. ओहोटी लागली की सगळ्यांनी किनाऱ्यावर रांगेत उभे राहायचे आणि समोरचा कचरा मागे सरणाऱ्या पाण्यात ढकलायचा. पाणी तो आपोआप नेते. कोल्ह्याच्या घराण्यात किनारा असाच साफ करत आले होते आणि ओहोटीचा मुहूर्त कोल्हा स्वतः काढत असे. पहिल्या दिवशी त्याने एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी दातांत धरून स्वतः पाण्यात सोडली. बगळ्यांनी पंख वाजवले.

"वा, भाऊसाहेब!" कावळा म्हणाला. "काय फेक आहे! डोळ्यांदेखत नाहीशी झाली!"

"भाऊसाहेब, हे परत येईल," खेकडा म्हणाला.

"कोण परत येईल?"

"कचरा. सहा तासांनी भरती आहे."

"आपण चांगल्या कामाला सुरुवात करायची," कोल्हा म्हणाला, "आणि तू भरतीचं नाव काढायचं. तुझं बोलणं तुझ्या चालण्यासारखंच, आडवं."

"चालतो आडवा, पण पोचतो," खेकडा म्हणाला आणि बीळ खणायला गेला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर तेवढाच कचरा होता. कोल्ह्याने तो नीट निरखून पाहिला आणि सांगितले, "हा कालचा नाही. हा बाहेरचा आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरचा."

"त्या किनाऱ्यावरच्यांना काही रीतच नाही," कावळा म्हणाला. "आपला कचरा लोकांच्या दारात ढकलतात म्हणजे काय!"

त्या कचऱ्यात डाव्या पायाची एक गुलाबी चप्पल होती. सगळे तिला ढकलायला येण्याआधी खेकड्याने तिच्या पट्ट्यावर आपल्या नांगीने तीन खाचा पाडल्या. चप्पल समारंभाने समुद्रात गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाळूवर पडलेली होती, आणि पट्ट्यावर तीन खाचा होत्या. खेकडा ती ओढत दगडापाशी घेऊन आला.

"खाचा काय, कुणीही पाडेल," कोल्हा म्हणाला.

"परवाच मी खाडीपलीकडे अगदी अशीच चप्पल पाहिली," कावळा म्हणाला.

"तीही डाव्या पायाची?" खेकड्याने विचारले.

कावळ्याने जरा विचार केला. "उजव्या," तो म्हणाला.

"मग ही ती नाही."

"पण जोडी तर तीच ना!" कावळा म्हणाला, आणि बगळे हसले. चप्पल पुन्हा समुद्रात ढकलण्यात आली.

मुलांनो, त्या दिवसापासून खेकड्याने कोल्ह्याला काही सांगायचे सोडून दिले. त्याने आपल्या भाऊबंदांना बोलावले आणि ओहोटीच्या वेळी, इतर सगळे कचरा खाली ढकलत असताना, खेकडे तो वर ओढू लागले. मोठ्या जाळ्याचे त्यांनी नांग्यांनी कापून तुकडे केले. वाळूच्या टेकाडामागे, जिथे भरती कधीच पोचत नाही, तिथे एक जुना कोरडा खड्डा होता; एकेक वस्तू त्यात नेऊन टाकायची. खड्डा म्हणजे काही मोठी युक्ती नव्हे, हे खेकड्यालाही कळत होते. टाकलेली वस्तू तिथे कुजणार नव्हती. पण ती तिथून कुणाच्या मानेत अडकायला येणारही नव्हती. पाचव्या दिवशी गुलाबी चप्पल खड्ड्यात गेली, आणि सहाव्या दिवशी ती किनाऱ्यावर आली नाही.

पिशव्या मात्र येतच राहिल्या. त्या ओल्या असत, पण त्यांना खारट वास नसे. खेकडा एका सकाळी ओढ्याच्या काठाने वर चालत गेला, तेव्हा गावातल्या पिशव्या पाण्याबरोबर वळणे घेत खाली येताना त्याला दिसल्या. समुद्र फक्त मिळाले ते परत करत होता. देणारा ओढा होता.

तेव्हा खेकड्यांनी जाळ्याचा एक धड तुकडा राखून ठेवला आणि ओढ्याच्या तोंडाशी, दोन्ही काठांवरच्या केवड्याच्या मुळ्यांना तो आडवा बांधला. मासे जावेत म्हणून खालची कड तळापासून वर ठेवली. पहिली गाठ दोन दिवसांत सुटली, कारण ती फार खाली बांधली होती. दुसरी जरा वर बांधली. ती टिकली. मग रोज सकाळी जाळीला अडकलेल्या पिशव्या काढून खड्ड्यात न्यायच्या, एवढे एक काम वाढले.

"ओढ्याला जाळी लावायची परवानगी कुणी दिली?" कोल्ह्याने विचारले.

"कुणी नाही," खेकडा म्हणाला. "नको असंही कुणी म्हणालं नव्हतं."

"मग मी म्हणतो, नको."

"तुम्ही म्हणेपर्यंत लागली ना, भाऊसाहेब. आता सोडवायची तर पाण्यात उतरावं लागेल."

कोल्हा पाण्यात उतरत नसे. जाळी राहिली.

किनाऱ्यावरचा कचरा हळूहळू कमी होऊ लागला. जो वर गेला तो परत येत नव्हता आणि नवा ओढ्यातच अडकत होता. सप्ताहाला यश येते आहे हे पाहून कोल्ह्याने सप्ताह वाढवला. चाळिसाव्या दिवशीही सप्ताहच चालू होता. फक्त आता ढकलायला फारसे काही मिळत नसल्यामुळे भाषणे लांबली होती.

पन्नासाव्या दिवशी सकाळी समारोप ठेवलेला होता. आभाळ भरून आले होते. कोल्हा जरा लवकरच किनाऱ्यावर आला. पाण्याच्या कडेला त्याला एक रुंद तोंडाची बरणी दिसली. तिच्या तळाशी सुक्या माशासारखा वास येत होता, आणि भाषणापूर्वी कोल्ह्याला नेहमीच भूक लागे. त्याने बरणीत तोंड घातले, मग डोके घातले, आणि मग डोके बाहेर येईना. बरणीच्या काठावर दातांच्या दोन खुणा होत्या. त्या त्याच्याच होत्या, पण हे वाचायच्या स्थितीत तो नव्हता.

नेमके त्याच वेळी टेकाडाखालची वाळू हलली. एक इवलेसे डोके वर आले, मग दुसरे, मग एकदम वीस-पंचवीस. पिल्ले वाळू झटकून पाण्याकडे निघाली. तिकडून कोल्हा बरणीतच ओरडत, काही दिसत नसल्यामुळे मिळेल त्या दिशेला धावत होता, आणि त्याला मिळालेली दिशा पिल्लांची होती.

खेकडा आडवा धावला. त्याने कोल्ह्याची शेपटी नांगीत पकडली आणि सोडली नाही. "भाऊसाहेब, थांबा! पुढे पिल्लं आहेत!"

बरणीतून काहीतरी ऐकू आले.

"काय म्हणताय?"

"आधी मला सोडव!" बरणी म्हणाली.

"आधी पिल्लं," खेकडा म्हणाला. "तुमचं डोकं मोठं आहे, ते थोडं थांबेल. बसा खाली. अजिबात हलू नका."

कोल्हा बसला. प्रमुख झाल्यापासून तो पहिल्यांदाच जमिनीवर बसला होता. पिल्ले त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेली. एक तर त्याच्या पंजावरूनच गेले. वाटेत जाळे नव्हते, दोरी नव्हती. कावळा दगडावर वाट पाहत बसला होता, पण एकही पिल्लू कुठे अडकून पडेना. त्याने खाली येऊन दोन उचलली. ते लपवण्यात अर्थ नाही, कावळा हा कावळाच असतो. बाकीची सगळी पाण्यात पोचली. शेवटचे पिल्लू लाटेने एकदा मागे टाकले, दुसऱ्यांदा नेले.

खेकडा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने बरणीचा काठ नांगीने कुरतडायला घेतला. दुपारपर्यंत कोल्ह्याचे डोके मोकळे झाले. बगळे तोवर जेवायला निघून गेले होते. कोल्ह्याने कान झटकले, बरणीवरच्या दातांच्या खुणा पाहिल्या आणि बरणी हळूच पायाखाली ओढली.

तेवढ्यात भरती आली. कोल्ह्याने सवयीने वाळूवर नजर फिरवली. थोडे शेवाळ होते, दोन शिंपले होते.

"ती चप्पल कुठे आहे?" त्याने विचारले.

"खड्ड्यात. पाचव्या दिवसापासून."

कोल्ह्याने टेकाडाकडे पाहिले. "मग उद्या आम्ही काय साफ करायचं?"

"ओढ्यावरची जाळी," खेकडा म्हणाला. "ती रोज भरते. भाषणाला तिथे जागा नाही, चिखल आहे. आणि पायाखाली आहे ती बरणी आधी वर घेऊन चला, भाऊसाहेब. पाणी येतंय."

कोल्ह्याने इकडे तिकडे पाहिले. कुणी बघत नाही अशी खात्री करून त्याने बरणी दातांत धरली आणि तो टेकाडाकडे चालू लागला.

तात्पर्य : नजरेआड ढकललेली घाण साफ होत नाही, ती फक्त परतीच्या वाटेला लागते, खरी सफाई ती येते तिथे अडवण्यात आहे, आणि ते काम रोजचे असते, समारंभाचे नसते.