गेनू आणि पापण्या मोजणारं यंत्र

दुधासाठी नावाजलेल्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द आपण चारचौघांत वापरतो. घरात त्याला ठोंब्याच म्हणायचे.

गावच्या दूध संघाचे चेअरमन होते भाऊसाहेब. संघाच्या टँकरवर दौलत नावाचा ड्रायव्हर होता. वीस वर्षांत त्याला गाडीवर एकदाही डुलकी लागली नव्हती. पण शेजारच्या संघाने ड्रायव्हरची झोप पकडणारं यंत्र बसवलं, मग भाऊसाहेबांना कुठलं राहवतंय! त्यांनी शहरातून कृत्रिम बुद्धिमत्ता विकत आणली. दुसरी कुठली गावात शिल्लक नव्हती.

यंत्र मात्र गुणी होतं. टँकरमधल्या कॅमेऱ्यातून ड्रायव्हरचा चेहरा ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचा, आणि यंत्र त्याच्या पापण्या मोजायचं. पापणी नुसती लवली, तर चेहऱ्याभोवती हिरवी चौकट. मिटून राहिली, तर लाल. मग पडद्यासमोर बसलेल्या माणसाने एक बटण दाबायचं. बटण दाबलं की टँकरच्या केबिनमध्ये भोंगा वाजायचा आणि ड्रायव्हरच्या नावापुढे ‘झोपला’ अशी खूण पडायची.

"महिनाअखेरीला खुणा बघणार," भाऊसाहेबांनी बजावलं. "फार झाल्या तर ड्रायव्हर घरी."

बटणावर त्यांनी गेनूला बसवलं. गेनू सांगितलं तेवढंच करायचा, आणि भाऊसाहेबांना अशी माणसं फार आवडायची.

यंत्र बसवायला शहरातून अवंतीबाई आल्या होत्या. त्यांनी गेनूला शिकवलं, "डोळा मिटला की बटण दाबायचं. बस."

"लई सोपं हाय," गेनू म्हणाला.

दौलत दूध घेऊन तालुक्याला निघाला. गेनू पडद्यासमोर ताठ बसला. त्याचा डोळा मिटला. त्याने बटण दाबलं. डोळा उघडला आणि परत मिटला. त्याने परत दाबलं. गावापासून तालुक्यापर्यंत केबिनमधला भोंगा बोंबलत गेला. दौलत परतला तेव्हा त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

"अरं, मी टक्क जागा व्हतो!" तो ओरडला.

"व्हता की. पर माझा डोळा मिटत व्हता ना," गेनू म्हणाला.

अवंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "तुझा नव्हे रे! तुझ्या समोर जो दिसतो, त्याचा डोळा बघायचा."

"मंग आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी गेनू समोर बघत बसला. समोर पडदा होता. पडद्याच्या वर खिडकी होती. खिडकीबाहेर संघाच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती, आणि पडद्यावरच्या दौलतपेक्षा ती चांगली मोठी दिसत होती. म्हशीने डोळे मिटले. गेनूने बटण दाबलं. म्हशीने दुपारभर डोळे मिटले, गेनूने दुपारभर बटण दाबलं. दौलत कानात कापूस घालून परत आला.

"म्हैस टँकर चालवते का?" अवंतीबाई वैतागून म्हणाल्या. "आधी बघ, माणूस आहे का. मग बघ, चाकं फिरतायत का. फिरत्या चाकांवरच्या माणसाचा डोळा मिटला, तरच त्याला जागं करायचं. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. अवंतीबाई सुटकेचा श्वास सोडून शहराला परत गेल्या. शिकलेल्या बाई, पण गेनूचं ‘कळलं’ त्यांनी खरं धरलं.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब जेवून ऑफिसात आले आणि खुर्चीत पेंगू लागले. खुर्ची चाकांची होती. घोरण्याच्या तालावर ती मागेपुढे होत होती. गेनूने नीट तपासलं. माणूस आहे. चाकं फिरतायत. डोळा मिटलाय. त्याने बटण दाबलं. तिकडे बारा कोसांवर दौलत सीटवरून उडाला. इकडे भाऊसाहेब हलले नाहीत. गेनूला त्यांची काळजी वाटली. तो उठला, त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तो जीव खाऊन ओरडला, "गाडी बाजूला घ्या!"

भाऊसाहेब खुर्चीसकट आडवे झाले.

"गाढवा!" ते जमिनीवरूनच कडाडले. "मोठ्या माणसाचे डोळे मिटलेले दिसले, तर तो विचार करत असतो! अशा वेळी आवाज करायचा न्हाई आणि कुणाला जवळ फिरकू द्यायचं न्हाई. डोक्यात शिरलं का?"

"शिरलं," गेनू म्हणाला. आणि या खेपेला ते खरंच शिरलं होतं.

महिना संपला. पहिल्या दोन दिवसांच्याच खुणा एवढ्या होत्या, की त्या बघाव्यात तर दौलत महिनाभर जागाच झाला नव्हता.

"साहेब, एक लाल चौकट दाखवा," दौलत हात जोडून म्हणाला. "लेक बाळंतपणाला घरी आलीय. आत्ता नोकरी गेली तर मी करू काय?"

"खुणा खोटं बोलत्यात व्हय?" भाऊसाहेब म्हणाले आणि त्याला घरी बसवलं. यंत्राने दौलतच्या साऱ्या हिरव्या चौकटी जपून ठेवल्या होत्या. पण एवढ्या हौसेने विकत आणलेल्या बुद्धीला एक प्रश्न विचारावा, हे कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेबांनी शेजारच्या संघाला यंत्र बघायला बोलावलं. मांडव घातला, पडदा मांडवात आणला, पुरणपोळीचं जेवण घातलं. मग लक्षात आलं की टँकरला ड्रायव्हरच नाही.

"त्यात काय मोठं? मी ट्रॅक्टर चालवलाय," म्हणत सात पोळ्या खाल्लेले भाऊसाहेब स्वतः रिकाम्या टँकरमध्ये चढले. आवाराला फेऱ्या मारायच्या होत्या, त्याही बैलगाडीच्या चालीने.

पहिल्या फेरीला हिरवी चौकट. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला गोठ्याजवळ भाऊसाहेबांची मान कलली, डोळे मिटले आणि चौकट लालभडक झाली.

"दाब! बटण दाब!" सगळा मांडव ओरडला.

गेनूचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात त्याने चेहरा ओळखला. हा तर मोठा माणूस! त्याने बटणाची वायर उपटली आणि ओठांवर बोट ठेवलं. "शू! साहेब विचार करतायत."

टँकर डुलत डुलत गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरला. धडपडत दारातून बाहेर पडलेले भाऊसाहेब गळ्यापर्यंत शेणात रुतले. डोळ्यांवर शेण, त्यामुळे डोळे उघडेनात. तोंड उघडायची तर सोयच नव्हती.

लोक धावले. पण गेनू सगळ्यांच्या आधी पोचला आणि खड्ड्याच्या काठावर हात पसरून उभा राहिला. "थांबा! डोळे मिटलेत. जवळ फिरकायचं न्हाई. साहेबांचाच हुकूम हाय!"

आरडाओरडा ऐकून दौलत घरातून दोरखंड घेऊन धावत आला. त्याने खड्ड्यात पाहिलं. मग गेनूकडे पाहिलं. मग दोरखंडाची नीट गुंडाळी केली आणि तिच्यावर बसला.

"गेनूचं बरोबर हाय," तो म्हणाला. "मला कामावर परत घ्यायचं का न्हाई, तेवढाबी विचार होऊन जाऊ द्या. मग काढू."

शेणातलं डोकं होय, होय म्हणत जोरजोरात हलू लागलं. दौलत हसला, उठला आणि त्याने दोर सोडला. पण गेनूने झडप घालून तो हिसकावून घेतला.

"शू!" तो घाबऱ्याघुबऱ्या कुजबुजला. "आता तर लई जोरात विचार चाललाय. उद्या या."