घोंगडीवरून न उठलेला बाप

एका नदीकाठच्या गावात एक पत्तेबाज होता, आणि या गोष्टीत जे वाईट झालं ते त्याच्यामुळेच झालं. म्हातारी माणसं अशा वेळी दैवाचं नाव पुढे करतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

जत्रेला त्या गावात पत्त्यांची अखंड बैठक बसायची. चिंचोके लावून खेळायचं, हातात काही नसलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, आणि घोंगडीवरून उठला तो बाद. पत्तेबाजाची मांडी काही मोडायची नाही. मानाचा फेटा दरसाल त्याचाच.

एरवी पारावर साधा डाव रंगला, की त्याची चिमुरडी लेक यायची. “बाबा, भाकरी निवली!” म्हणत त्याच्या हातातलं एक पान ओढायची आणि धूम ठोकायची. “धरा की मला!” डाव मोडायचा, बाप मागे पळायचा, अख्खा पार हसायचा. काय दुपारी होत्या त्या!

लेक मोठी झाली. लग्न नेमकं जत्रेत आलं. कन्यादान उरकून बाप तडक घोंगडीवर जाऊन बसला. रात्रभर डाव चालला. सकाळी उरले दोघेच, तो आणि एक विणकर. तेवढ्यात शालू नेसलेली लेक समोर येऊन उभी राहिली. सासर दूर, पार डोंगरांपलीकडे.

“बाबा, होडी सुटतेय.”

“एवढा डाव होऊ दे गं.”

विणकर म्हणाला, “जा रे गड्या, पानं पालथी ठेव. मी थांबतो.”

“असं कसं? नियम म्हणजे नियम!” बैठकीचे पंच गरजले. हेच पंच काल लग्नात लाडू हाणत ‘लेक म्हणजे काळजाचा तुकडा’ म्हणत होते.

लेक डोळे पुसत हसली. खाली वाकून तिने हात पुढे केला. “मग ओढू का पान?”

बापाने पत्ते झटकन छातीशी धरले.

तिने हात मागे घेतला, घोंगडीच्या काठाला नमस्कार केला आणि गेली.

डाव त्यानेच जिंकला. फेटा बांधून घाटावर पोचला, तर नदी रिकामी.

अजूनही तो पारावर खेळतो. हातातलं एक पान मुद्दाम जरा वर काढून धरतो. कुणी ओढत नाही.

तात्पर्य: बसून राहायला दम लागतो, पण वेळेवर उठायला त्याहून जास्त लागतो. त्याच्यात तेवढा दम नव्हता. लेक पुन्हा माहेरी आली नाही.