गवळणीची कात

"पण महाराज, माझे कान कधी?"

खेमनाथ महाराज धुनीतलं लाकूड पुढं सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कान तर हायेत की तुला. चांगले दोन हायेत."

मुकिंदाला थट्टा कळली, पण हसू आलं नाही. नाथपंथात गुरू स्वतःच्या हातानं शिष्याचे कान चिरतो, त्यात जाड कुंडलं घालतो, आणि तेव्हा कुठं तो पुरता जोगी होतो. मुकिंदा डोंगरावरच्या या मठात आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता दाढीत पांढरं दिसायला लागलं होतं. त्याच्या मागून आलेल्यांचे कान झाले आणि ते आपापल्या वाटेनं गेलेही. हा मात्र होता तिथंच होता.

"माझ्या सेवेत काय कमी पडलं, ते तरी सांगा."

"कमी?" महाराज जरा थांबले. "कमी नाय पडलं..."

ते अगदी खरं होतं. मी तेव्हा हवापालटासाठी मठात राहायला गेलो होतो, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघत होतो. मुकिंदाइतकी सेवा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. महाराजांनी हात पुढं करायच्या आत पाण्याचा तांब्या हजर. त्यांनी पाय लांब केले की हा दाबायला बसे, मग ते नुसते मुंग्या आल्या म्हणून लांब केलेले का असेनात. दुपारी त्यांचा डोळा लागला की हा पंखा घेऊन वारा घाली, आणि पंख्याच्या फडफडीनं त्यांची झोप मोडे. अंगणातली तुळस तर पाणी घालून घालून त्यानं कुजवलीच होती. सेवा अंगावर येते म्हणजे काय, हे मला तिथं कळलं.

महाराजांनी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक कड फुटलेला रांजण आडवा ठेवला होता, आणि त्यात गवळण होती.

गवळण म्हणजे धामण. खालच्या वाडीत लोक तिला गोठ्यात काठ्यांनी मारत होते. धामण गाईचं दूध पिते, अशी त्यांची पक्की समजूत. महाराज मध्ये पडले, पण तोवर एक काठी पाठीत बसलीच होती. तिथं तिचा कणा कायमचा वाकडा झाला. रानात जगणं तिला जमलं नसतं, म्हणून ती मठातच राहिली. नाव महाराजांनी ठेवलं, वाडीकरांना चिडवायला. ती उंदीर खायची, सकाळी पायरीवर उन्हाला पडायची, आणि कुणी उचललं तर नाइलाजानं उचलून घ्यायची. चावायची मात्र कधी नाही.

"काय दिसतं?"

"मळकट दिसती. डोळं बी धुरकटल्यागत..."

"कात टाकायला झालीय ती. मी नदीपल्याड भंडाऱ्याला चाललोय. येईस्तवर तिचं तू बघ. तिची कात सुखानं उतरली, की तुझे कान."

मुकिंदा ताडकन उभा राहिला.

"काय काय करू?"

"पाणी ठेव. अंग घासायला हा खडबडीत दगड ठेव. रांजणात ओलं गोणपाट ठेव."

"आणि?"

"आणि ठेवून बाजूला हो."

"एवढंच?"

महाराजांनी झोळी खांद्याला लावली आणि ते डोंगर उतरूही लागले.

एवढ्याशा कामानं मुकिंदाचं पोट कसं भरणार? त्यानं रांजणासमोर आसनच मांडलं. तिच्यापुढं उंदीर धरला, तिनं तोंड फिरवलं. अंडं ठेवलं, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे डोळे तर दिवसेंदिवस पांढुरके होत गेले, दुधात निळीचा थेंब पडावा तसे. तिला दिसत नव्हतं. ती वेटोळं घालून गोणपाटाखाली पडून होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती. मला तर तिचं मोठं नवल वाटे. डोळे गेले असता असं स्वस्थ पडून राहणं आपल्याला जमेल का?

मुकिंदाला ते बघवेना. त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं. ती फिरली आणि त्याच्या मनगटाला चावली.

"बघा!" तो मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी इतकं करतो, आणि ही मलाच..."

मग त्यानं तेच केलं, जे त्या डोंगरावर कुणीही केलं असतं. पोराला ताप येवो, म्हैस पान्हा चोरो, नाहीतर सासू-सुनेचं बिनसो, मठात औषध एकच. धुनीची भभूत. मुकिंदानं मूठभर भभूत घेतली आणि मंत्र म्हणत गवळणीच्या अंगाला चोळली, डोक्यापासून शेपटापर्यंत. ओल्यानं भभुतीचा चिखल होईल म्हणून गोणपाट बाहेर काढून वाळत टाकलं.

आणि गंमत बघा, गवळणीचे डोळे निवळले.

सापाचे डोळे कात टाकायच्या जरा आधी आपसूक निवळतात. हे मुकिंदाला ठाऊक नव्हतं, वाडीलाही नव्हतं. बातमी खाली पोचायला कितीसा वेळ? मुकिंदाबाबांच्या हातच्या भभुतीनं आंधळ्या धामणीला दृष्टी आली! बायका नारळ घेऊन वर आल्या, पाया पडल्या. मुकिंदा नको नको म्हणत पाय पुढं करत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी आधी पाहिलं नव्हतं.

तेज टिकलं नाही. गवळणीची कात ओठांपाशी फुटली, गळ्यापर्यंत मागं सरकली आणि तिथंच अडली. भभुतीनं अंगातली सगळी ओल शोषून घेतली होती. सुटायची ती कात कागदासारखी वाळून अंगाला चिकटली. गवळण दगडाला घासायची, वाकड्या कण्यामुळं दमायची, पुन्हा घासायची. मुकिंदानं सकाळ कशीबशी काढली. मग दोन बोटांत कातीची कड धरली आणि ओढली.

कातीचा तेवढाच तुकडा निघाला, त्याच्याबरोबर खालची कोवळी कातडीही निघाली. त्याची बोटं लाल झाली.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. मुकिंदानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्याला ओलांडून गवळणीला हातात घेतलं. गळ्याभोवती वाळलेली कात दोरी आवळावी तशी बसली होती.

"भभूत कुणी लावली?"

"मी."

"का?"

"तुम्ही समद्यांना लावता, महाराज."

"ते मागायला येत्यात." महाराजांचा आवाज चढला नव्हता. "हिनं मागितली?"

मुकिंदानं मान खाली घातली.

मग त्यानं मान वर केली. इतकी वर्षं प्रवचनं ऐकलेला माणूस, गप्प किती राहणार?

"महाराज, मला उमगलं. ही कात म्हंजी माझा अहंकार. तो सुटत नाय, म्हणून मी—"

"ही कात हाय, मुकिंदा. गवळणीची. ती आधी सुटू दे."

मला हसू येणार होतं, पण महाराजांकडं पाहिलं आणि ते गिळून टाकलं. ते भेदरले होते. एका धामणीसाठी भेदरलेला साधू मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यांच्याविषयी मला जे काही वाटतं ते त्या क्षणापासून वाटतं.

त्यांनी घमेल्यात कोमट पाणी केलं. गवळणीला त्यात हळूच सोडलं आणि तिच्या अंगावरची राख निघेपर्यंत पाण्यात राहू दिलं. गोणपाट भिजवून रांजणात अंथरलं, त्याच्या घडीत तिला सोडलं, रांजणाच्या तोंडाशी दगड टेकवला.

"बस हितं."

"काय करू?"

"बस."

"जप करू?"

"काय बी करू नको."

"...नाय सुटली तर?"

"गळा आवळून मरंल."

"मंग मी नुसता बसून कसा राहू, महाराज?"

महाराज त्याच्या शेजारी मांडी घालून बसले.

"मलाबी जड जातंय," ते म्हणाले. "बस."

दोघं बसले. गोणपाट हलायचं, थांबायचं. एकदा ते बराच वेळ हललं नाही. मुकिंदाचा हात उठला. रांजणापर्यंत गेला... आणि मागं आला. त्यानं दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसला. कपाळावरून घाम ओघळत होता, तो त्यानं पुसला नाही. वाडीतली एक बाई भभूत मागायला आली. तो रांजणावरची नजर न काढता म्हणाला, "आज नाय, माय." ती माघारी गेली. मुकिंदाविषयी मला पहिल्यांदा आदर वाटला तो तेव्हा.

ऊन पायरीवरून उतरायला लागलं, आणि दगड आणि रांजणाची कड यांच्या फटीतून गवळणीचं तोंड बाहेर आलं.

ती थांबली. पुन्हा पुढं सरकली. गळ्याशी अडलेली कात दगडाला अडकून मागं राहिली, उलटी होत गेली, पायमोजा काढावा तशी. वाकड्या कण्यापाशी ती पुन्हा अडली. गवळण तिथं दमली, थोडी पडून राहिली, मग स्वतःच अंग पिळून बाहेर निघाली. शेपटाच्या टोकापर्यंत सगळी कात मागं पडली. डोळ्यांवरची खवलंसुद्धा तिच्यात होती.

आणि ती काय दिसत होती! पिवळट हिरवं, ओलं, झळझळीत अंग. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या देखण्या गोष्टींत मी ते धरतो. फक्त गळ्याशी लाल जखम होती.

तिनं जीभ काढून हवा चाचपली. मग पाण्याकडं निघाली. वाटेत मुकिंदाची मांडी होती. ती वळसा घालून गेली नाही. सावकाश त्या मांडीवर चढली, दगडावरून जावं तशी पलीकडं उतरली आणि पाणी पिऊ लागली.

मुकिंदानं तोवर श्वासही घेतला नव्हता.

"महाराज..." तो पाणी पिणाऱ्या गवळणीकडं बघत होता. "मी तर काईच केलं नाय."

महाराज उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लहान सुरी होती. तिचं पातं त्यांनी धुनीवर धरलं.

मुकिंदानं ते पाहिलं आणि तो मागं सरकला.

"नको, महाराज. तिच्या गळ्याला जखम हाय, ती माझ्या हातची हाय. मला नाय शोभायचं ते. ती भरून येऊ द्या, मंग बघू... नायतर नकोच..."

महाराज त्याच्यासमोर बसले. त्यांनी त्याचा उजवा कान दोन बोटांत धरला.

"हलू नको."